त्या बाजूने

तारकर्लीला तीन हंगाम मी पाहुण्यांना पाण्यात धरून ठेवायचो.
मान खाली, श्वास तोंडानं, घाबरू नका.
खिशात पावाचे तुकडे. एक सोडला
की पट्ट्यापट्ट्यांचे मासे काचेवर येऊन आदळत
आणि माणसं नळीतूनच हसत.
चौथ्या वर्षी मालकानं हिशेबाऐवजी
दोन जुने मास्क दिले, एकाचा पट्टा तुटका.

ते घेऊन चांगदेवला परत आलो,
जिथे तापीला पूर्णा मिळते
आणि हतनूरचं थोपलेलं पाणी
पौषात इतकं निवळतं, की मामाच्या मते
घागरीत पाहावं तसं दिसतं.
हे तो वरून बघून सांगायचा.

झिपरूमामा. पन्नास वर्षं या पाण्यावर.
पोहतो मरळीसारखा,
पण खाली डोळे कधी उघडले नाहीत.
"तठी माय न्हाते. आपन कसं पाहावं?"

सकाळी पत्र्याची नाव लोटली.
हीव असं, की वल्ह्याची मूठ चावत होती.
मी म्हटलं, काचेवर आतून थुंकायचं,
म्हणजे धुकं धरत नाही.
"तापीत थुकू? मी?"
मग भाकरीजवळचं केळं सोललं,
अर्धं मला, अर्धं त्याला,
आणि सालीची आतली बाजू काचेवर फिरवली,
सावकाश, नवरीला हळद लावावी तशी.
धुकं खरंच धरलं नाही.
तारकर्लीत हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

उतरला. सदरा पाठीवर फुगला.
नळी तेवढी वर,
आणि तिच्यातून त्याचा श्वास.
एका घरात वाढून
मी तो कधी ऐकला नव्हता.
आधी अडखळला, रात्रीच्या वीजपंपासारखा,
मग लागला एका लयीला.

मी पाव आणला नव्हता.
पलीकडे गाळपेऱ्यात कुणी टरबुजाची आळी करत होतं.
एक चतुर नळीच्या तोंडाशी बसायचा,
उच्छ्वास आला की उडायचा,
पुन्हा तिथेच.

वर आला तेव्हा चेहऱ्यावर मास्कचं गोल कोरलेलं.
बराच वेळ नुसता नावेची कड धरून.
"कासव होतं. मऊ पाठीचं.
गाळात पातेलं पालथं घालेल, तसं.
मह्याकडे पाह्यलं त्यानं."

मग म्हणाला,
"पान्याले छत हाये रे. चकचकीत.
त्यातून बदकांचे पाय लोंबतात, केशरी,
जत्रंच्या पाळन्यात बसेल पोरींचे लोंबतात तसे."
बर्फाच्या देशातून येतात ती बदकं.
मी त्याला हे सांगितलं.
त्याला पायांचंच पडलं होतं.

आणखी?
त्यानं सदरा पिळला, पुन्हा पिळला.
"आपलं जाळं.
तठून ते नाहीच.
एक रोहू आला, त्याच्यापाशी थांबला.
काहीतरी हाये, असं वाटलं असंन त्याले.
तेवढं त्याचं थांबनं
मले वरून कधी समजलंच नाही."

दुसऱ्या दिवशी जाळं ओढलंच.
बर्फ आणून ठेवला होता,
मुक्ताईनगरच्या बाजारात जागा धरली होती.
तराजूत रोहू.
बाईनं कल्ला उघडून पाहिला. ताजा आहे ना?
मामा म्हणाला, "कालच भेटलो आम्ही."
ती हसली, पिशवी पुढे केली.
त्यानं सुटे पैसे दोनदा मोजले,
दोन्ही वेळा चुकले.

चांगला मास्क आता नावेतच असतो, केळ्यांसोबत.
दुसरा ठगूमामीनं घेतला.
तुटक्या पट्ट्याच्या जागी सुतळी बांधून
ती कांदा चिरायला बसते, डोळे कोरडेठाक,
आणि मध्येच विळी थांबवून
आमच्याकडे पाहते,
त्या बाजूने.